विकतचं मौन

होळीच्या आधीचा रविवार. रक्कम पाच हजार एक रुपये. हजर: गावकीचे अध्यक्ष, चार मानकरी, वाडीच्या मुंबई मंडळाचे दोघे, प्रत्येक घरातला एकेक पुरुष आणि मी. जागा देवळाचा नवा सभामंडप. हे सुरुवातीलाच लिहून ठेवतो, कारण त्या बैठकीचं इतिवृत्त कोणी लिहिलं नाही आणि दंडाची पावती मला आजपर्यंत मिळालेली नाही.

आमची वाडी पोलादपूरच्या वर डोंगरात आहे. मी राहतो महाडला. सिमेंट-लोखंडाच्या दुकानात हिशोब लिहिण्यात माझी निम्मी हयात गेली, म्हणून सभामंडपाच्या स्लॅबचं बिल वाचलं गेलं तेव्हा माझ्याच्याने गप्प राहवलं नाही. तेवढ्या स्लॅबला तीस पोती सिमेंट लागतं. हात सैल सोडला तर पस्तीस. बिलात सत्तर होती. मी विचारलं की उरलेली पोती कुठे आहेत. आवाज चढवला नाही, कोणाचं नाव घेतलं नाही. ठेका अध्यक्षांच्या मेहुण्याकडे होता हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे नाव घ्यायची गरजही नव्हती.

मग दोन मानकरी बाजूला जाऊन आले आणि निर्णय सांगितला. देवाच्या कामात संशय घेतला म्हणून देवाचा दंड. भरला तर विषय संपला. नाही भरला तर आमचं घर वाळीत.

मी भरला नाही. भरला असता तर सत्तर पोती खरी ठरली असती. अध्यक्षांना तसं सांगून मी संध्याकाळच्या गाडीने महाडला परत आलो, जेवलो, बायकोला सगळं सांगितलं. माझं महाडमधलं काहीच बंद झालं नाही. दुकान चालू, शेजारी बोलतात, दूधवाला येतो. वाळीत पडलेलं घर वाडीतलं होतं, आणि त्या घरात आई एकटी राहत होती.

आईचं वय तेव्हा बाहत्तर. त्या आठवड्यात शिमग्याची पालखी घरोघर फिरली. आईने अंगण सारवलं, ओटीचं ताट तयार ठेवलं आणि दारात उभी राहिली. पालखी अलीकडच्या घरी नाचली आणि आमचं अंगण टाळून पलीकडच्या घरी गेली. रात्री फोनवर मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "गेली पुढं." मग तिने नातवाच्या परीक्षेची चौकशी केली.

त्यानंतर तिचं दळण वाडीतली गिरणी घेईना. पाण्यावर गेली की बायका हंडे उचलून बाजूला होत. कोणी शिवी दिली नाही, कोणी दगड मारला नाही. फक्त तिच्याकडे बघून कोणी बोलत नव्हतं. मी तक्रार करायचं ठरवलं. माणसाला असं वाळीत टाकणं हा आता गुन्हा आहे, कायदा मी मिळवून वाचला होता. आईने मला थांबवलं.

"पोलिसाची गाडी वाडीत आली तर मी मेल्यावर मला उचलील कोण?" ती म्हणाली. "तू न् तुझा पोरगा, दोघंच खांदा देणार काय?"

मग महाडला चल, म्हटलं. तेही नाही. कोंबड्या आहेत, घराची दिवाबत्ती आहे, आणि आपण निघालो तर त्यांनी हाकलल्यासारखं होईल. मी भर पावसातही दर पंधरा दिवसांनी जात होतो. गणपतीत आमच्या घरी आरतीला आम्ही चौघंच होतो. शेजारच्या आरतीचा आवाज इतका जवळून येत होता की आमची मधेच चुकायची.

त्या दिवसांत माझी झोप गेली. अंथरुणावर पडलो की मी स्लॅबची लांबी-रुंदी पुन्हा मांडायचो. आकडा दर वेळी तोच यायचा आणि दर वेळी नव्याने संताप व्हायचा. दिवाळीनंतर डॉक्टरांनी रक्तदाब तपासला, गोळी वाढवली आणि ध्यानाचा एक वर्ग सुचवला. चवदार तळ्यापासून जवळच, एका मंडळाच्या हॉलमध्ये, दर रविवारी सकाळी. शिकवणाऱ्या बाई शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, मुलाकडे महाडला राहायला आलेल्या. सजगतेचं ध्यान असं त्या त्याला म्हणायच्या. देवाधर्माचा संबंध नाही, मंत्र नाही, खुर्चीवर बसलं तरी चालतं. फी अगोदर.

त्या हॉलवर जाताना तळ्याच्या कडेने जावं लागतं. माणसाने माणसाला बाजूला ठेवलं तर काय होतं हे महाडला दुसऱ्या कोणी येऊन शिकवायची गरज नाही. त्या गोष्टीशी आमच्या वाडीतल्या भांडणाची तुलना होत नाही, हे मला कळतं. पण मार्चमध्ये तिथे गर्दी लोटते तेव्हा फुलं वाहायला येणाऱ्यांत आमच्या मुंबई मंडळाचे ते दोघेही असतात, आणि मी त्यांना तिथे पाहिलेलं आहे.

वर्गात आम्ही बारा जण. माझ्या शेजारी एक ट्रकमालक बसायचे, बायपास झालेले, दाढी मेंदीने रंगवलेली. पहिल्याच दिवशी ते माझ्या कानाशी म्हणाले, "भाऊ, ब्लडप्रेशरला सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय टाकून बसा. तिथे फी नाय." पण तेही नियमित येत.

बाईंनी डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं. मन भटकलं की कळलं पाहिजे, आणि मग स्वतःवर न रागावता परत श्वासाशी यायचं. मी श्वास मोजायला लागलो. मोजणं मला जमतं. दोन आठवड्यांनी बाईंनी कोणाचं कसं चाललंय विचारलं, तेव्हा मी माझे आकडे सांगितले. एका बैठकीत किती श्वास झाले, मन किती वेळा भटकलं, मागच्या वेळेपेक्षा किती कमी.

बाई हसल्या. "तुम्ही श्वासांचं ऑडिट करताय. बघत नाही आहात."

मी सरळ विचारलं की याचा उपयोग नेमका काय. त्या म्हणाल्या की झोप येईल, रक्तदाब कदाचित उतरेल, पण ते मिळालं तर वरचं. मूळ हेतू एवढाच की जे चाललंय ते चालू असताना आपल्याला कळावं. मला हे उत्तर पटलं नाही. जे चाललंय ते मला चांगलंच कळत होतं, त्यापायीच तर झोप गेली होती. मी हेतूचा भाग सोडून दिला आणि पद्धत धरली.

पद्धतीचा गुण आला. डोळे मिटले की आईचा चेहरा यायचा, पाण्यावर बाजूला होणाऱ्या बायका यायच्या. मी शांतपणे श्वासाशी परत यायचो. अध्यक्षांचं तोंड दिसायचं, मी परत यायचो. स्लॅब दिसायचा, परत यायचो. महिना-दीड महिन्यात मी रात्री सलग झोपायला लागलो. डॉक्टरांनी वाढवलेली गोळी काढली. आईचा फोन आला की ती बोलत असताना मी नाकाच्या शेंड्यावर लक्ष ठेवायचो, आणि तिचं बोलणं मला पूर्वीसारखं लागायचं नाही. तिची गिरणी, तिचं दळण, सगळं ऐकू यायचं पण लांबून. पंधरवड्याची फेरी महिन्यावर गेली. बायको म्हणाली, तुमचा स्वभाव निवळला. मलाही तसंच वाटत होतं, आणि फी वाया गेली नाही याचं समाधान होतं.

वर्गाच्या शेवटी एक दिवसाचं मौन होतं. त्याची फी वेगळी. पोलादपूरच्या अलीकडे, हायवेपासून आत, कोणा मुंबईकराच्या आंब्याच्या बागेत. सकाळी मोबाईल एका टोपलीत जमा केले. बाईंनी नियम सांगितले. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, शक्यतो एकमेकांकडे बघायचंही नाही. समोरून कोणी आलं तर नजर खाली ठेवून बाजूने जायचं. संध्याकाळी चारला घंटा वाजेल.

सकाळची बैठक नेहमीसारखी गेली. मग बागेत सावकाश चालायचं होतं. एका वाटेवर समोरून ट्रकमालक आले. मी नजर खाली घातली, अंग थोडं चोरलं, आणि ते बाजूने गेले. तेवढ्यात मला कळलं की ही मान खाली घालणं मी आधी पाहिलेलं आहे. पाण्याच्या वाटेवर आई येते तेव्हा वाडीतल्या बायका अशाच माना घालतात. इतके दिवस मी तिच्या बाजूने उभा राहून ते बघत होतो, आता मी पलीकडच्या बाजूला होतो आणि माझ्या मानेला ते सहज जमलं होतं.

मी श्वासाशी परत जाऊन पाहिलं. जमलं नाही. जेवायला वरणभात आणि वालाची भाजी होती. वाढणारी बाई गावातली होती, तिला नियम लागू नव्हता, पण आम्ही कोणी उत्तर देत नाही म्हणून तीही पहिल्या दोन पानांनंतर विचारायची थांबली. आई गेलं वर्षभर असं जेवत होती आणि तिला कोणी वाढतही नव्हतं.

चारला घंटा वाजली. सगळे एकदम बोलायला लागले. ट्रकमालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "अरे भाऊ, कोणी बोलत नव्हतं तर मला वाटलं बायपास फेल झाला, मी वर पोचलो." सगळे हसले. एक बाई म्हणाल्या की इतकी शांतता त्यांना आयुष्यात मिळाली नव्हती, पुढच्या वेळी त्या बहिणीलाही आणणार.

मी बाईंना बाजूला घेतलं. विचारलं, घंटा वाजलीच नाही तर?

त्यांना माझ्या घरचं काही माहीत नव्हतं. मी सांगितलं. पोत्यांपासून सांगितलं. शेवटी त्यांनी एकच प्रश्न केला. "इतके रविवार तुम्ही बसत होता. आईंचा विचार यायचा तेव्हा काय करायचात?"

"श्वासावर परत यायचो. तुम्हीच सांगितलं होतं."

त्या बराच वेळ टोपलीतले मोबाईल नीट लावत राहिल्या. मग म्हणाल्या, "परत यायचं ते तिकडून पळायला नाही हो. पाय स्थिर करायचे आणि मग तिकडेच नीट बघायचं, म्हणून परत यायचं. मी सांगण्यात कमी पडले असेन."

त्या कमी पडल्या नव्हत्या. पहिल्याच महिन्यात त्यांनी ते सांगितलं होतं आणि मी ते उपयोगाचं नाही म्हणून सोडलं होतं. जे दुखतंय ते नीट दिसावं यासाठी केलेली रीत मी ते दिसू नये म्हणून वापरली, आणि तिचा गुण आला म्हणून खूश झालो. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला बाईंचाच राग आला. माझी झोप चांगली चालली होती.

महाडच्या गाडीसाठी मी पोलादपूर स्टँडवर आलो. बाकावर आई बसलेली होती. मला बघून तिने पदर सारखा केला.

"बाजाराला आलेली," ती म्हणाली.

तिच्याजवळ पिशवी नव्हती. वाडीची मुक्कामी गाडी लागली तेव्हा महाडची सोडून मी तिच्याबरोबर चढलो. गाडी भरलेली होती. वाडीतल्या ओळखीच्या दोन बायका हातात जड पिशव्या घेऊन दांड्याला धरून उभ्या होत्या आणि आईच्या शेजारची जागा रिकामी होती. मी तिथे बसलो.

कंडक्टर मागून तिकिटं फाडत आला. आता ते फाडत नाहीत, मशीनमधून काढतात, पण आम्ही अजून तसंच म्हणतो. पोरगेला, घाटावरचा असावा. आईजवळ येऊन त्याने विचारलं, "कुठं आजी?"

"तुला ठाव नाय काय? दर येळी इचारतोस."

"मला ठाऊक आहे, मशीनला नाही."

"तुझ्या मशीनला सांग, म्हातारी अजून वरच राहते. मेली नाय." तिने अर्ध्या तिकिटाचे पैसे आधीच मुठीत मोजून धरले होते, पण ती ते देईना. गुडघा कालपासून धरलाय हे सांगितलं. तांबडी कोंबडी खुडूक बसलीय, पण ह्या थंडीत पिल्लं वाचतील की नाय ते सांगितलं. त्याच्या आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनचं विचारलं. तो एक पाय पुढे टाकून उभा राहून उत्तरं देत होता. शेवटी म्हणाला, "आजी, पुढच्यांची तिकिटं काढू द्या की, चेकिंगचे साहेब चढले तर माझी कोंबडी करतील." मग माझ्याकडे बघून, "पाहुणे कोण?"

"माझा पोरगा. म्हाडला असतो." तिने पैसे त्याच्या हातावर ठेवले. "हिशोबाला लई पक्का हाय."

उभ्या असलेल्या दोघींपैकी एकीला हसू आलं आणि तिने ते लगेच खिडकीकडे वळवलं.

घरी गेल्यावर आईने चूल पेटवली. मी विचारलं की ती किती दिवस अशी जाते. आठवड्यातून एकदा, म्हणाली, कधी दोनदा. खाली उतरते, स्टँडवर बसते, परतीच्या गाडीने वर येते.

"कशाला?"

"तो इचारतो ना," ती म्हणाली. "त्याला इचारायलाच लागतं."

त्या रात्री मी जागा राहिलो. नाकाचा शेंडा आठवला, पण तिकडे गेलो नाही. पलीकडे आई झोपेत काहीतरी पुटपुटत होती आणि मी ते ऐकत राहिलो. सकाळी उठून दंड भरायचं ठरवलं. तीस पोत्यांबद्दल माझं मत बदललेलं नव्हतं. आजही बदललेलं नाही.

आईला सांगितलं तेव्हा ती हो म्हणाली नाही आणि नाही म्हणाली नाही. तिने कोंबड्यांना दाणे टाकले.

पुढच्या शिमग्याच्या आधी बैठक झाली तेव्हा मी पैसे घेऊन गेलो. अध्यक्षांनी "या, या" म्हणून सतरंजीवर जागा करून दिली, जणू मी मुंबईहून आलो होतो. पाच हजार एक मोजून दिले. वर्षभर लांबवलं म्हणून नारळाचे पाचशे वेगळे मागितले, तेही दिले. मी पावती मागितली.

"देवाला पावती मागताय?" एक मानकरी म्हणाला, आणि मंडप हसला.

अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "झालं गेलं सोडून द्या आता. तुम्ही म्हणे महाडला ध्यानाला जाता. चांगलं असतं ते. मन शांत राहतं."

खांद्यावर हात असताना माझ्या आत काय चाललं होतं ते मला अगदी स्पष्ट कळलं. बाई म्हणायच्या तसं, चालू असताना कळलं. राग होता, लाज होती, आणि त्या माणसाचा हात गरम होता. काहीच निवळलं नाही. मी बरं म्हणालो आणि वर पाहिलं. स्लॅबला तेव्हाच एका जागी ओल धरलेली होती, पण ती सिमेंट कमी पडल्यामुळेच असेल असं मी म्हणणार नाही, बघितल्याशिवाय सांगता येत नाही.

पालखी आमच्या अंगणात आली. नाचली. आईने ओटी भरली, नमस्कार केला. पाठोपाठ बायका आल्या, ओट्यावर बसल्या, आत्या, काकी, वहिनी करत बोलायला लागल्या. कोणाची सून बाळंत झाली, कोणाचा पोरगा दुबईला गेला, वर्षभराचं सगळं. आईने चहा केला, कप प्रत्येकीच्या हातात दिला, आणि एक शब्द बोलली नाही. विचारलं की मान हलवायची. त्या गेल्यावर मी म्हटलं, आता तरी बोल. आता सगळं मिटलं.

ती कप विसळत होती. "तू तुझं भरलंस," ती म्हणाली. "मला कोणी काय भरलं?"

वाडी आता तिच्याशी बोलते. गिरणीवाला दळण घरी आणून देतो. ती मान हलवते. फोनवर माझ्याशी पूर्वीपेक्षा कमी बोलते. मी ध्यानाचा वर्ग सोडला, पण सकाळी खुर्चीवर बसतो. आईचा चेहरा येतो, मी त्याच्याकडे बघतो. झोप पुन्हा गेली आहे आणि डॉक्टरांनी गोळी परत सुरू केली आहे. हेच ध्यानाचं उद्दिष्ट असेल तर ते मला साधलं आहे असं म्हणावं लागेल.

एकूण दिलं ते असं. गावकीला दंडाचे पाच हजार एक आणि नारळाचे पाचशे, अध्यक्षांच्या हातात, सभामंडपात, पावतीशिवाय. आणि दर आठवड्याला पोलादपूरपर्यंत जायचं आणि यायचं अर्धं तिकीट. ते आई अजून काढते. ते पैसे ती मला देऊ देत नाही. ती ते स्वतः कंडक्टरच्या हातावर ठेवते, त्याने कुठं आजी म्हणून विचारल्यावर.